इंटिग्रेटेड अँप घ्यावा की प्री आणि पॉवर वेगवेगळे?

मैथिली_नाशिक

नमस्कार मंडळी. टर्नटेबल आला, स्पीकर आले, आता मधल्या वस्तूवर, म्हणजे अँप्लिफायरवर (अँप), गाडी अडली आहे.

बाबांकडे कपाटभर एलपी आहेत. बहुतेक शास्त्रीय आणि नाट्यसंगीत: मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताई, भीमसेनजी, कुमारजी. हॉल ११ बाय १४ फूट, सोफा स्पीकरपासून आठ फुटांवर. स्पीकर बुकशेल्फ प्रकारचे, ८ ओहम, ८६ डेसिबल. टर्नटेबलला ऑडिओ टेक्निकाची एटी-व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) आहे. शिवाय मुलगा फोनवरून गाणी लावणार, ते वेगळंच. अँपसाठी लाखाच्या आतलं बजेट.

दुकानदार म्हणतात, इंटिग्रेटेड घ्या (प्रीअँप, म्हणजे सोर्स निवडणारा आणि आवाज कमी-जास्त करणारा भाग, आणि पॉवर अँप, म्हणजे स्पीकर चालवणारा भाग, एकाच डब्यात) आणि मोकळ्या व्हा. मामेभाऊ म्हणतो, खरा आवाज सेपरेट्सचाच, म्हणजे दोन्ही वेगळ्या डब्यांत. प्रीअँप नवा घे, पॉवर अँप वापरलेला शोधू. मला मामेभावाचं पटतंय, कारण पुढे एकेक भाग बदलता येईल. पण दोघांनीही 'का' ते नीट सांगितलेलं नाही. नुसतं 'अमुक मॉडेल घ्या' असं नको, कारण सांगा.

तानपुरा_ऑन

आधी ताकद किती लागणार ते काढू.

८६ डेसिबल म्हणजे स्पीकरला १ वॉट दिला की १ मीटरवर ८६. तुमचा सोफा साधारण अडीच मीटरवर. मोकळ्या मैदानात तेवढ्या अंतराला ८ डेसिबल घटले असते. खोलीत भिंतींमुळे घट कमी होते आणि दोन स्पीकर मिळून थोडी भर पडते. सोफ्यावर १ वॉटला ८३-८४ धरा. घरात ख्याल ऐकताना सरासरी पातळी ७०-७५ च्या वर सहसा जात नाही. तबल्याची थाप, समेवरचा जोर या क्षणांना त्यावर आणखी १५-२० डेसिबल लागतात. म्हणजे ९५ पर्यंतची सोय हवी. ८३-८४ वरून ९५ ला जायला चौदा-पंधरा वॉट पुरतात.

चांगल्या बनावटीचा ४०-५० वॉटचा अँप घेतलात तर भरपूर शिल्लक राहतं. १०० वॉटचा घेतलात तर वर फक्त ३ डेसिबल मिळतात, कारण ताकद दुप्पट केली की एवढीच वाढ होते. तुमच्या खोलीत ताकदीसाठी वेगळा पॉवर अँप घेण्याचं कारण उरत नाही. माझं मत इंटिग्रेटेडला.

वांद्रे_लोकल

+१. शिवाय टीव्हीच्या कपाटामागे प्लगपॉइंट किती आहेत ते आधी मोजा. आमच्याकडे या वादाचा निकाल एक्स्टेंशन बोर्डाने लावला.

पेठेतला_सोल्डर

मैथिलीताई, मी पुण्यात अँप दुरुस्त करतो. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून पार्ट आणण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

प्री आणि पॉवर वेगळे का झाले? व्हॉल्व्हच्या काळात पॉवर अँप म्हणजे जड ट्रान्सफॉर्मर आणि तापलेल्या नळ्या. तो कपाटाच्या तळाशी ठेवायचा आणि हाताशी फक्त बटणांचा छोटा डबा. १९५३ चा क्वाड २ पाहा: १५ वॉट, एका वाहिनीला एक, म्हणजे स्टिरिओला दोन लागायचे. त्याच्या प्रीअँपला स्वतःचा वीजपुरवठासुद्धा नव्हता, पॉवर अँपमधूनच केबलने वीज यायची. १९६७ ला क्वाडचे ३३ आणि ३०३ आले, ट्रान्झिस्टरचे, तरी डबे दोनच. वजन, उष्णता आणि फर्निचर यांतून ती रचना आली. ट्रान्झिस्टरने उष्णता कमी केल्यावर सगळं एका डब्यात मावू लागलं.

१९७८ चा एनएडी ३०२० आठवा. कागदावर २० वॉट, आणि जगभर लोकांनी त्यावर अवघड स्पीकरसुद्धा वाजवले. वीजपुरवठा आणि आउटपुट स्टेज यांवर मेहनत घेतली की एका डब्यातही उत्तम आवाज निघतो, हे त्याने दाखवून दिलं. 'खरा आवाज सेपरेट्सचाच' हे मी तरी मानत नाही. मी आत उघडून बघतो: ट्रान्सफॉर्मर केवढा, हीटसिंक केवढं, मुख्य कपॅसिटर कोणते.

अनुनाद

काका, इतिहास बरोबर आहे, पण त्यातून निघालेला निष्कर्ष अर्धाच आहे. मी सेपरेट्सवाला, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल ४ मिलिव्होल्टच्या आसपास असतो. त्याच डब्यात दुसऱ्या टोकाला स्पीकरकडे जाणारे वीस व्होल्ट आणि वीज खेचणारा भला मोठा ट्रान्सफॉर्मर. इतका नाजूक सिग्नल त्याच्या शेजारी ठेवायचाच कशाला? ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने कमी होतं. दोन डबे फूटभर लांब ठेवले की प्रश्नच मिटतो.

दुसरा मुद्दा आयुष्याचा. चांगला पॉवर अँप म्हातारा होत नाही. माझा कॉलेजच्या दिवसांतला आजही वाजतोय. त्याच्या पुढचे भाग मात्र बदलत गेले: आधी नुसतं सीडीचं सॉकेट पुरायचं, मग यूएसबी हवं झालं, मग स्ट्रीमिंग. सगळं एकाच डब्यात असतं तर प्रत्येक वेळी धडधाकट पॉवर अँपसुद्धा विकावा लागला असता. मैथिलीताईंच्या मामेभावाचं हे म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

पेठेतला_सोल्डर

दुसरा मुद्दा एकदम मान्य. पहिला फोनोपुरता (टर्नटेबलचा नाजूक सिग्नल वाढवणारा भाग, फोनो स्टेज) मान्य, आणि तोही नीट समजून घ्यावा असा आहे.

एलपी कापताना खर्ज कमी करतात आणि वरचे सूर वाढवतात. वाजवताना फोनो स्टेज त्याच्या उलट करते. त्या वक्राला आरआयएए म्हणतात. १ किलोहर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झला ती १७ डेसिबल, म्हणजे सातपट व्होल्टेज वाढवते. आपल्या घरातली वीज नेमकी ५० हर्ट्झची! वायरीत किंवा डब्यात शिरलेली गुणगुण फोनोमध्ये सातपट फुगते ती अशी. सीडी किंवा फोनच्या सिग्नलला हा त्रास जवळपास नाही.

म्हणून वेगळं काढायचंच असेल तर आधी फोनो स्टेज काढा. पॉवर अँप वेगळा करण्यापेक्षा त्याचा फरक कानाला आधी कळतो आणि खर्चही पुष्कळ कमी येतो. नाहीतर चांगला इंटिग्रेटेड बघा, त्यात फोनोचा बोर्ड ट्रान्सफॉर्मरपासून दूरच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या आडोशाला बसवलेला असतो.

तानपुरा_ऑन

आणि शास्त्रीय ऐकणाऱ्याला ही गुणगुण फार छळते. रॉकच्या गाण्यात ती बुडून जाते. इथे सुरुवातीला नुसते तानपुरे असतात आणि खालून मशीनचा स्वतःचा षड्ज चालू. तो गायकाच्या षड्जाशी जुळेल याची काही खात्री नाही :)

रत्नांग्रीकर

आमच्या बाजूचा एक मुद्दा कोणी काढला नाही: पावसाळा आणि खारी हवा.

रत्नागिरीत आमच्या घरी दोन पावसाळ्यांत आरसीए सॉकेटवर (डब्यांमधल्या सिग्नलच्या वायरी लागतात ती) हिरवट थर धरतो. आधी खरखर, मग एक बाजू गप्प. जितके डबे तितके जोड, जितके जोड तितकी ही भानगड. प्री, पॉवर, फोनो आणि डॅक (फोनसारख्या डिजिटल सोर्सचा सिग्नल अँपला चालेल असा करणारा डबा) वेगळे केले तर सॉकेटं मोजून पाहा किती होतात. मी गणपतीच्या आधी सगळ्या पिना काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारतो, आणि वापर नसला तरी अँप रोज थोडा वेळ चालू ठेवतो. आतली ऊब दमट हवेला घालवते. नाशिकला एवढा त्रास नसेल, पण कोकण-गोव्याच्या वाचकांनी इंटिग्रेटेडचा विचार या कारणासाठीही करावा.

फोंड्याचो_रेडिओ

देव बरें करूं, रत्नांग्रीकर! अगदी मनातलं बोललात. मी अँपच्या कपाटात सिलिका जेलची पाकिटं ठेवतो आणि कपाटाला मागून भोकं पाडली आहेत.

क्लासडी_कन्या

काका-मामा मंडळींना दुखवायचं नाहीये, पण हा सगळा वाद मला मागच्या शतकातला वाटतो. अ‍ॅक्टिव्ह स्पीकर घ्या! जेबीएल ३०५पीसारख्या छोट्या मॉनिटरमध्ये वूफरला एक आणि ट्वीटरला एक असे दोन अँप आत बसवलेले असतात. क्रॉसओव्हर (खर्ज आणि वरचे सूर वेगळे करणं) अँपच्या आधीच होतो, त्यामुळे प्रत्येक अँप आपापल्या पट्ट्याचंच काम करतो आणि ड्रायव्हर थेट त्याच्या ताब्यात राहतो. फोनो स्टेज आणि व्हॉल्यूमचं बटण एवढंच बाहेर.

तेही नको असेल तर टीपीए३२५५ चिपवाला तळहाताएवढा क्लास डी अँप बघा. तानपुरा_ऑन यांच्या हिशोबाने चौदा वॉट लागतात, त्याच्या कितीतरी पट तो देतो. उरलेल्या पैशांत एलपी घ्या.

अनुनाद

कन्ये, मताशी बराचसा सहमत, पण ताईंचे स्पीकर घेऊन झालेत आणि ते पॅसिव्ह आहेत. बाकी छोट्या क्लास डी अँपवर लिहिलेले वॉट नीट वाचावेत. बरेचदा ते ४ ओहमवरचे आणि १० टक्के विकृतीवरचे (आवाज बिघडण्याचं प्रमाण) असतात, आणि सोबत मिळणारा अ‍ॅडाप्टर तेवढी वीज पुरवतच नाही. १ टक्क्याखाली, ८ ओहमवर किती ते शोधा. आकडा बराच खाली येतो. अर्थात या खोलीला तोही पुरेल, हे कबूल.

चोरबाजार_रविवार

सोल्डरकाकांनी ३०२० चं नाव काढलं म्हणून हा किस्सा.

एका भंगारवाल्याकडे एनएडी ३०२० दिसला. 'बंद आहे, पार्टसाठी न्या' म्हणून कवडीमोलाने देत होता. दिवे लागत होते, आवाज शून्य. मी मागे वळवून पाहिला, आणि प्री-आउट (प्रीमधून बाहेर जाणारं सॉकेट) नि मेन-इन (पॉवरमध्ये आत येणारं) यांच्या मधले धातूचे यू-आकाराचे जोड गायब! त्या अँपमध्ये प्री आणि पॉवर आतून जोडलेले नसतात, मागे या जोडांनीच जोडायचे असतात. घरी आणून साध्या आरसीए वायरीचे दोन तुकडे लावले आणि बाईंचा यमन सुरू झाला.

यातच मैथिलीताईंचं उत्तर आहे असं मला वाटतं. प्री-आउट आणि मेन-इन असलेला इंटिग्रेटेड म्हणजे एका पत्र्याखाली राहणारे सेपरेट्सच. आज एक डबा म्हणून वापरा. उद्या मोठा पॉवर अँप मिळाला तर प्री-आउटमधून जोडा. प्रीअँप चांगला मिळाला तर मेन-इनमध्ये घाला.

मैथिली_नाशिक

केवढी माहिती मिळाली! बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. 'मशीनचा षड्ज' ऐकून ते खूप हसले.

चोरबाजार_रविवार, ही सोय हल्लीच्या अँपमध्ये असते का? आणि अनुनाद, मी प्रीअँप एका कंपनीचा आणि पॉवर अँप दुसऱ्या कंपनीचा घेतला तर ते जुळतील का? मामेभाऊ म्हणतो, काहीही कशालाही जोडता येतं.

अनुनाद

मामेभावाला माझा नमस्कार सांगा, पण काहीही कशालाही नाही. तीन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, पॉवर अँपचा इनपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध, ओहममध्ये) प्रीच्या आउटपुट इम्पिडन्सच्या निदान दहापट हवा. ट्रान्झिस्टरच्या जोडीत हे सहज जमतं. व्हॉल्व्हचा प्री आणि १० किलोओहमचा पॉवर अँप असा संसार मांडला तर खर्ज पातळ होऊ शकतो.

दुसरी, गेन, म्हणजे अँप व्होल्टेज किती पट वाढवतो. ८ ओहमला १०० वॉट म्हणजे सुमारे २८ व्होल्ट. पॉवर अँप व्होल्टेज वीसपट करत असेल तर त्याला आत १.४ व्होल्ट लागतात, आणि सीडी प्लेअर स्वतःच २ व्होल्ट देतो. म्हणजे डिजिटल सोर्स असेल तर प्रीअँप बहुतेक वेळ आवाज कमी करण्याचंच काम करतो! जुन्या क्वाड ४०५ सारख्या अर्ध्या व्होल्टवरच पूर्ण ताकद गाठणाऱ्या पॉवर अँपला आजचा दणकट प्री जोडला, तर व्हॉल्यूम जरा हलवला की कान किटतात आणि शांततेत सूंऽऽ ऐकू येतं.

तिसरी गोष्ट क्रमाची. चालू करताना पॉवर अँप सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी. नाहीतर प्रीचा ठोका थेट स्पीकरमध्ये. घरात लहान-मोठे सगळेच बटणं दाबणारे असतील तर हा मुद्दा इंटिग्रेटेडच्या बाजूने जातो, हे मी सेपरेट्सवाला असूनही सांगतो.

पेठेतला_सोल्डर

उत्तम लिहिलंत अनुनाद. चौथी मी घालतो: अर्थिंग. दोन डब्यांना तीन पिनांचे प्लग, त्यांच्यामध्ये आरसीएची शील्ड, की अर्थचं वेटोळं पूर्ण झालं आणि घूंऽऽ सुरू. दोन्ही एकाच बोर्डवर लावा. काही जण अर्थची पिनच काढून टाकतात. ते कधीही करू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. धातूच्या डब्यात फेज उतरला तर ती पिनच जीव वाचवते.

ताई, प्री-आउट आजही बऱ्याच इंटिग्रेटेडना असतं. मेन-इन कमी दिसतं, पण मिळतं. काहींवर त्याच कामाचं 'होम थिएटर बायपास' असतं, त्यात अँपचा व्हॉल्यूम बाजूला होतो.

आणि एक कळकळीची विनंती. माझ्या टेबलावर येणारे जुने अँप बहुतेक करून तीन कारणांनी येतात: स्पीकर रिलेचे संपर्क काळे पडले, व्हॉल्यूमचा पॉट (बटणामागचा फिरता भाग) खरखरतो, कपॅसिटर वाळले. तिन्ही थोड्या खर्चात बरे होतात आणि अँप पुढची कितीतरी वर्षं चालतो. स्ट्रीमिंगचा बोर्ड गेला की मात्र माझे हात टेकतात. पार्ट मिळत नाही, सर्किटचा नकाशा मिळत नाही, आणि काही मॉडेलमध्ये व्हॉल्यूमसुद्धा त्याच बोर्डातून चालतो. जिवंत पॉवर अँप असलेला अख्खा डबा तसा भंगारात जाताना पाहून फार वाईट वाटतं. फोनची गाणी ऐकायला बाहेरून छोटा डॅक लावा. गेला तर तो एकटाच बदला.

मंडळाचा_अध्यक्ष

आमच्या मंडळाकडे आहुजाचा अँप वर्षभर पडून असतो. तो घरी लावला तर चालेल का? वॉट भरपूर आहेत. :D

वांद्रे_लोकल

अध्यक्षमहोदय, मग शेजारीही आरतीला उभे राहतील.

पेठेतला_सोल्डर

गंमत बाजूला ठेवून सांगतो. पीए अँप सहसा मोनो असतो, आणि त्याच्या मागे ४, ८, १६ ओहमच्या जोडीला ७० आणि १०० व्होल्टची टोकं असतात, लांब लाइनवरच्या कर्ण्यांसाठी. घरचा स्पीकर चुकून १०० व्होल्टच्या टोकाला लागला तर जळेल. त्याला मांडवातच राहू द्या, तिथे तो राजा आहे.

न्यूजर्सीकर

नाशिकचे कोणी इथून अँप आणायला सांगतील म्हणून आधीच लिहितो. अमेरिकेतला माल १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. मागे व्होल्टेज बदलायची सोय नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. व्होल्टेज उतरलं तरी हर्ट्झ ५० च राहतात, आणि फक्त ६० साठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, कधी स्वतःच गुरगुरतो. सेपरेट्स असतील तर हे सगळं दोनदा. पुतण्याला मी स्पष्ट नाही म्हटलं आणि भारतातच घ्यायला लावलं.

इन्व्हर्टर_त्रस्त

विजेचाच विषय निघाला म्हणून. आमच्याकडे वीज गेली की टर्नटेबल आणि अँप इन्व्हर्टरवर जातात आणि अँपमधून मधमाश्या. उपाय?

तानपुरा_ऑन

इन्व्हर्टर चौकोनी लहरींचा असणार. शुद्ध साइन लहरींचा घ्या, नाहीतर वीज येईपर्यंत स्वतः गा.

मैथिली_नाशिक

खबर द्यायला आले. प्री-आउट आणि मेन-इन असलेला, ५० वॉटचा, आत डॅक नसलेला इंटिग्रेटेड घेतला. मामेभाऊ स्वतः सोबत आला होता, मेन-इन बघून तोही खूश. फोनवरच्या गाण्यांसाठी छोटा डॅक वेगळा. अँपमधली फोनो शांत आहे. सोफ्यावरून गुणगुण ऐकू येत नाही. बाबा तर मन्सूरांच्या एलपी संपेपर्यंत जेवायला उठत नाहीत.

आता पुढचा प्रश्न. माळ्यावरून ७८ च्या तबकड्यांची पेटी निघाली आहे. टर्नटेबलवर ७८ ची गती आहे. त्याच सुईने वाजवू का?

पेठेतला_सोल्डर

अभिनंदन! पण त्या सुईने अजिबात नको. ७८ ची खाच एलपीच्या कितीतरी पट रुंद असते. एलपीची सुई तिच्या तळाशी घासत जाईल, खरखर जास्त येईल आणि सुईही खराब होईल. तुमच्या व्हीएम९५ मालिकेत ७८ साठी वेगळी सुई मिळते, कार्ट्रिजच्या त्याच अंगावर बसते. तिला वजन बरंच जास्त लागतं. ई सुईला २ ग्रॅम ठेवत असाल, तर सुई बदलल्यावर मागचं वजन पुन्हा जुळवायला विसरू नका.

आता गंमत बघा. आरआयएए वक्र १९५४ च्या सुमाराला रूढ झाला. त्याआधीच्या तबकड्या कंपन्यांनी आपापल्या वक्राने कापल्या. तुमच्या अँपमधली फोनो फक्त आरआयएए जाणते, त्यामुळे जुन्या ७८ चा आवाज दबका वाटू शकतो. वक्र निवडता येणारी वेगळी फोनो स्टेज मिळते. ती अँपच्या साध्या लाइन इनपुटला जोडायची.

अनुनाद

म्हणजे शेवटी एक डबा वेगळा आलाच! ताई, घाई करू नका. आधी सुई आणा, तबकड्या पाण्याने पुसा, पण स्पिरिट लावू नका, या तबकड्या लाखेच्या असतात आणि ती विरघळते. मग ऐकून ठरवा. आणि पेटीत काय काय आहे त्याची यादी इथे नक्की टाका.

मैथिली_नाशिक

यादी बाबा करत बसलेत. लेबलं वाचायला भिंग घेतलंय. टाकते.